टेमा बंदरातून पाहिलेली साथ

घानात एखादी गोष्ट खऱ्या अर्थाने घडून गेली, की ती कापडावर छापली जाते. निवडणुका, जयंत्या, म्हणी, सवतीला मारलेले टोमणे, सगळे काही सुती कापडाच्या ठशांत उतरते, आणि एखादी बाई सहा यार्डांचे कापड घेऊन शिंप्याकडे निघाली की तिने तो छाप कशासाठी निवडला असेल, याचा तर्क शेजारणी बरोबर करतात. २०२० च्या मध्यावर टेमा शहरातल्या जीटीपी या कापड गिरणीने जे नवे छाप बाजारात आणले त्यांवर कुलपे होती, किल्ल्या होत्या, विमाने होती आणि एक चष्मा होता. चष्मा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-आडो यांचा. त्यांतल्या एका छापाचे नाव ‘फेलो घानियन्स’, म्हणजे ‘घानावासीयांनो’, कारण कोव्हिडच्या साथीच्या त्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष बहुधा रविवारी रात्री दूरचित्रवाणीवर येत आणि याच दोन शब्दांनी बोलायला सुरुवात करीत. कुलूप टाळेबंदीचे आणि विमान बंद पडलेल्या आकाशवाटेचे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

टेमा हे राजधानी अक्राच्या पूर्वेला वसलेले, कारखान्यांचे आणि मासळीचे बंदर आहे. आम्ही दोघे इथे राहतो. मी बंदराजवळच्या एका आयातदार पेढीत हिशेब पाहते. माझी आई आणि दादा पुण्यात हडपसरला असतात. साथीच्या काळात घरी फोन केला की तिकडचे नातेवाईक आधी विचारत, ‘तिकडे तर फारच वाईट अवस्था असेल ना?’ आणि काही महिन्यांनंतर तेच लोक विचारू लागले, ‘तिकडे काहीच कसे झाले नाही?’ पहिल्या प्रश्नामागे आफ्रिकेविषयीची जुनी दया होती आणि दुसऱ्यामागे थोडासा हेवा. घानात प्रत्यक्ष काय घडले, हे सांगायला दोन्ही वेळा फोनवर सवड मिळाली नाही. ते सांगायचे तर राष्ट्राध्यक्षांच्या एका वाक्यापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते.

१२ मार्च २०२० रोजी घानात पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. एक जण नॉर्वेहून आलेला होता आणि दुसरा तुर्कस्तानातून. तीन दिवसांत सभा-समारंभांवर बंदी आली, १६ मार्चपासून शाळा बंद झाल्या, २२ मार्चच्या मध्यरात्री देशाच्या सीमा मिटल्या. सीमा मिटण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन दिवसांत जे हजाराहून अधिक प्रवासी अक्राच्या कोटोका विमानतळावर उतरले, त्यांना थेट हॉटेलांत नेऊन ठेवण्यात आले आणि त्यांच्या तपासण्यांतून लागण झालेल्यांची पहिली मोठी संख्या हाती लागली. ते प्रवासी तसेच घरोघरी गेले असते तर पुढचा महिना कसा गेला असता, याचा विचार न केलेला बरा. मग २७ मार्चच्या भाषणात अकुफो-आडो यांनी अक्रा, टेमा, कासोआ आणि कुमासी या शहरी पट्ट्यांपुरती टाळेबंदी जाहीर केली आणि ते वाक्य उच्चारले, जे पुढच्या काही दिवसांत जगभर फिरले: अर्थव्यवस्था पुन्हा जिवंत कशी करायची हे आम्हाला ठाऊक आहे, माणसे पुन्हा जिवंत कशी करायची, हे मात्र ठाऊक नाही.

या वाक्याच्या उत्तरार्धाला टाळ्या मिळाल्या आणि त्या योग्यच होत्या. मी पडले हिशेब लिहिणारी, त्यामुळे माझे लक्ष पूर्वार्धात अडकले. ते एक आश्वासन होते, आणि आश्वासनाला मुदत असते.

टाळेबंदी ३० मार्चच्या पहाटे लागली आणि तीन आठवड्यांनी, २० एप्रिलला उठली. आफ्रिकेत इतक्या लवकर टाळेबंदी उठवणारे देश थोडेच होते. ती आठवते ती आवाजांच्या अभावाने. इथले ट्रोट्रो म्हणजे जुन्या व्हॅनच्या केलेल्या वडाप गाड्या. त्यांच्या दारात लोंबकळणारा ‘मेट’ दिवसभर ‘अक्रा, अक्रा, अक्रा’ असे ओरडत असतो. ते थांबले. पोटाला लागणारे विकणाऱ्यांना आणि बंदराच्या कामाला सूट होती, त्यामुळे आमच्या पेढीची मोजकी माणसे जात-येत राहिली. परंतु टाळेबंदीची सर्वांत बोलकी घटना तिच्या आदल्या दिवसांतली होती. अक्राच्या माकोला आणि आग्बोग्ब्लोशी बाजारांत डोक्यावर मोठी घमेली घेऊन लोकांचा माल वाहणाऱ्या मुली असतात. त्यांना कायायेई म्हणतात. उत्तरेकडच्या कोरड्या, गरीब प्रदेशांतून त्या येतात आणि बाजाराच्या आडोशालाच झोपतात. घरी राहा, असा आदेश निघाला तेव्हा ज्यांना घरच नव्हते अशा या मुलींनी मालाच्या ट्रकांत दाटीवाटीने बसून उत्तरेची वाट धरली, आणि पोलिसांनी ते ट्रक वाटेत अडवून परत फिरवले. त्याच आठवड्यात मुंबई-नाशिक रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे चालत निघाल्याची चित्रे मी मोबाइलवर पाहत होते. दोन्ही सरकारांना आपल्याच शहरातले हे लोक आधी दिसले नव्हते.

घानाच्या सरकारचे एवढे मात्र मान्य करावे लागेल की त्याने नुसता दंडुका उगारला नाही. एप्रिलपासून तीन महिने पाण्याचे बिल माफ झाले, अगदी कमी वीज वापरणाऱ्यांना वीज फुकट मिळाली आणि बाकीच्यांचे बिल निम्म्यावर आले. अक्रा-कुमासीच्या वस्त्यांत शिजवलेले अन्न वाटले गेले. ज्या घरात नळच नाही तिथे पाण्याचे बिल माफ होऊन काय उपयोग, आणि टँकरवाल्याकडून किंवा डोक्यावर पाणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न आमच्या वखारीतल्या हमालांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याला सरकारी परिपत्रकात उत्तर नव्हते.

वाहते पाणी नसलेल्या देशात हात कसे धुवायचे, याचे उत्तर घानाने सत्तावीस वर्षे आधीच शोधून ठेवले होते. व्हेरॉनिका बेकोए या जीवशास्त्रज्ञ बाई सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत काम करीत. तिथे काम संपल्यावर सगळे सहकारी एकाच भांड्यातल्या पाण्यात हात बुडवून धुतात, म्हणजे एकमेकांच्या हातावरचे जंतू एकमेकांना वाटतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९९३ मध्ये त्यांनी झाकणाच्या बादलीला तळाशी नळ बसवला. आपल्याकडे पाणपोईवर नळ बसवलेला माठ असतो, तसेच ते प्रकरण आहे. बादली कमरेच्या उंचीच्या लाकडी किंवा लोखंडी घोडीवर ठेवतात, खाली घाण पाणी पडायला घमेले किंवा दुसरी बादली, बाजूच्या खिळ्याला कागदी रुमालाची गुंडाळी आणि तारेने बांधलेली साबणाची बाटली. तिला सगळा देश ‘व्हेरॉनिका बकेट’ म्हणतो. २०२० च्या एप्रिलमध्ये टेमात एकही दुकान, बँक, चर्च, चॉप बार म्हणजे खानावळ अशी राहिली नाही जिच्या दारात ही बादली नव्हती. आमच्या वखारीच्या दारातल्या बादलीचा नळ काही दिवसांत गळू लागला; रखवालदाराने त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि बादलीत पाणी कमी झाले की तो ती पुढे कलती करून ठेवी, म्हणजे शेवटचे पाणीही नळापर्यंत पोचावे. परदेशातून येणाऱ्या यंत्रांची बिले मी रोज पाहते, पण या साथीत सर्वांत जास्त हात धुतले गेले ते या बादलीवर.

तपासण्यांचा मोठा भार उचलला तो अक्राजवळच्या लेगॉन येथील घाना विद्यापीठाच्या नोगुची स्मारक वैद्यकीय संशोधन संस्थेने. या नावाची कहाणी साथीच्या कहाणीपासून वेगळी काढता येत नाही, म्हणून थोडे वळण घेते. हिदेयो नोगुची हे जपानी जंतुशास्त्रज्ञ. पीतज्वराचा जंतू आपण शोधला, असा त्यांचा दावा होता. परंतु १९२७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मोहिमेतील संशोधकांनी इथल्या असिबी नावाच्या एका आजारी तरुणाच्या रक्ताचा नमुना घेऊन तो हिंदुस्थानात आढळणाऱ्या ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचला आणि पीतज्वर विषाणूमुळे होतो, हे सिद्ध होत गेले. आपला दावा तपासून पाहण्यासाठी नोगुची स्वतः अक्राला आले आणि मे १९२८ मध्ये त्याच रोगाने इथेच वारले. असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातून मिळालेला विषाणू न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत अनेक पिढ्या वाढवून मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात त्याचे सौम्य रूप तयार केले, त्याची लस झाली आणि १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल मिळाले. घानाला येण्याआधी प्रत्येक भारतीयाला पीतज्वराची लस घ्यावी लागते आणि तिचे पिवळे पुस्तक विमानतळावर दाखवावे लागते. मीही घेतली. ती लस ज्या विषाणूपासून आली तो इथल्याच एका माणसाच्या अंगात वाढलेला होता, हे त्या पुस्तकात कुठे लिहिलेले नसते. आफ्रिकेला औषधे फक्त बाहेरून येतात, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तर नोगुची संस्थेत दहा-दहा नमुने एकत्र करून तपासण्याची पद्धत वापरली गेली. एकत्र नमुना निर्दोष निघाला तर दहाही जण मोकळे, सदोष निघाला तरच दहा वेगळे करून पुन्हा तपासायचे. लागण थोडी असते तेव्हा यात रसायनांची बचत होते, आणि त्या दिवसांत पैसे टाकूनही रसायने मिळत नव्हती. ग्रामीण भागांतले नमुने झिपलाइन कंपनीच्या ड्रोनने प्रयोगशाळांपर्यंत पोचवले गेले. या तयारीमागे २०१४ ची छाया होती. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने माणसे मरत होती तेव्हा घानात एकही रुग्ण सापडला नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या इबोला मोहिमेचे मुख्यालय अक्रात होते. भीतीची एक रंगीत तालीम देशाने आधीच केलेली होती.

मे महिन्यात साथ आमच्या शहरात शिरली ती मासळीच्या वाटेने. टेमातल्या मासळी प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात ५३३ कामगारांना लागण झाल्याचे राष्ट्राध्यक्षांनी १० मेच्या भाषणात सांगितले आणि त्या सगळ्यांना एकाच माणसापासून लागण झाली, असेही सांगितले. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो ‘एक माणूस’ उचलून धरला. मला त्या विधानाविषयी तेव्हाही शंका होती आणि आजही आहे. गारठवलेल्या बंद शेडमध्ये खांद्याला खांदा लावून मासे साफ करणारी शेकडो माणसे, सामाईक जेवणघर, सामाईक कपडे बदलण्याची खोली आणि तिथून सामाईक ट्रोट्रो: अशा ठिकाणी एकाने सर्वांना दिले की दहा जणांनी पन्नास-पन्नासांना दिले, हे कोण ठरवणार? दोष एका माणसावर ठेवला की शेडची रचना कोणाच्या लक्षात येत नाही. त्या आठवड्यात टेमाचा मासळीबाजार भरायचा तसाच भरला, फक्त अक्राहून येणाऱ्या बायका ‘टेमाची मासळी नको’ म्हणून परत जाऊ लागल्या, आणि कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या कोळणींचे दिवस वाया गेले.

याच सुमारास घानाची एक वेगळीच कीर्ती जगभर पसरली होती. शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या काळ्या सुटातल्या खांदेकऱ्यांची चित्रफीत आपल्याकडेही प्रत्येक फोनवर येऊन गेली असेल. ते खांदेकरी घानाचेच. अक्राच्या पूर्वेकडच्या प्राम्प्राम गावच्या बेंजामिन आयडू यांचे ते पथक. मे महिन्यात त्यांनी मुखपट्ट्या लावून जगाला सांगितले की घरी राहा, नाहीतर आमच्याबरोबर नाचा. विनोद उत्तम होता, पण ज्या देशातून तो निघाला तिथे त्या वेळी हे पथक नाचू शकत नव्हते. घानात अंत्यविधी हा शनिवारचा, सगळ्या गावाचा, वाजतगाजत होणारा समारंभ असतो. माणूस गेल्यावर प्रेत शवागारात ठेवतात, परदेशातल्या मुलांना कळवतात, काळ्या-लाल कापडाचे ताके ठरवतात, रस्त्याच्या कडेला मृताच्या फोटोचे मोठे फलक लागतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, शेकडो माणसांना जेवू घालून त्याला निरोप देतात. वर्गणीची रोख वही असते, कोणी किती दिले ते ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. साथीच्या नियमाने हा सगळा विधी २५ माणसांच्या खासगी दफनावर आला. कित्येक घराण्यांनी थांबायचे ठरवले. बंदी उठेल तेव्हा रीतसर करू, तोवर म्हातारी शवागारात राहू दे. आमच्या कार्यालयातल्या आंटीने आपल्या आईसाठी असेच ठरवले आणि दर महिन्याला शवागाराचे भाडे भरत राहिली. जूनमध्ये मर्यादा १०० माणसांवर गेली तेव्हा तिने दफन उरकले. चारशे माणसांची यादी शंभरावर आणताना भावाभावांत जे बोलणे झाले, ते तिने मला सांगितले तेव्हा तिच्या दुःखाचा मोठा भाग त्या यादीत होता.

आता ‘काहीच कसे झाले नाही’ या प्रश्नाकडे येते. घानाच्या सरकारी नोंदीत साथीच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ७१ हजार रुग्ण आणि १,४६२ मृत्यू आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ३ कोटी ८ लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-चतुर्थांश. (ही जनगणनाही २०२० ची, साथीमुळे वर्षभर पुढे गेली.) तिच्या मानाने आकडा फार लहान आहे. देशातली निम्मी माणसे साधारण एकविशीच्या आतली, घरे उघडीवाघडी, आयुष्याचा बराच भाग अंगणात आणि रस्त्यावर. ही कारणे डॉक्टर सांगतात आणि ती पटण्यासारखी आहेत. त्याच दमात हेही सांगावे लागते की गावाकडचे कित्येक मृत्यू कुठल्याच दप्तरात चढत नाहीत आणि तपासणी झाली नाही त्याला साथीचा बळी म्हणत नाहीत. खरा आकडा नोंदीपेक्षा मोठा असणार. तरीही अंत्यविधी लपवता येत नाही अशा या देशात एप्रिल २०२१ मधल्या पुण्यासारखी अवस्था झाली असती, तर ती रस्त्याकडेच्या फलकांवर दिसली असती. ती दिसली नाही.

मृत्यूंचा आकडा लहान असला तरी माणसे लहान नव्हती. वैद्यकीय पदव्युत्तर महाविद्यालयाचे प्रमुख, मूत्रपिंडतज्ज्ञ प्रा. जेकब प्लांगे-रुले एप्रिल २०२० मध्येच गेले. सेकोंडी-टाकोराडीचे महापौर जूनमध्ये गेले. आरोग्यमंत्री स्वतः आजारी पडून उठले. आणि हे चालू असतानाच निवडणुकीच्या वर्षाचा गाडा पुढे ढकलला गेला: मतदारयादी नव्याने करायची म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दीड कोटीहून अधिक लोक रांगांत उभे राहिले, डिसेंबरमध्ये मतदान झाले, प्रचारात मुखपट्टी हनुवटीवर होती, आणि जानेवारीत दुसरी लाट आली. ३१ जानेवारी २०२१ च्या रविवारी राष्ट्राध्यक्षांनी लग्नाच्या मेजवान्या आणि मोठे अंत्यविधी पुन्हा बंद केले. त्या भाषणाला आमच्या इमारतीतून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२४ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी कोटोका विमानतळावर विमानातून ६ लाख मात्रा उतरवल्या गेल्या. गरीब देशांना लस पोचवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून लस मिळालेला भारताबाहेरचा पहिला देश घाना ठरला, आणि ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली होती. टेमाच्या बातम्यांत ‘पुणे’ हा शब्द घानियन उच्चारात ऐकताना मला झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही. दादाला मी लगेच कळवले की तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरचा माल इथे पोचला. १ मार्चला अकुफो-आडो यांनी अक्राच्या ‘३७ सैनिकी रुग्णालय’ नावाच्या रुग्णालयात कॅमेऱ्यांसमोर लस घेतली, आणि त्याच दिवशी भारतात ६० वर्षांवरील लोकांचे लसीकरण सुरू झाले. त्या महिन्यात माझ्या आईला हडपसरला पहिली मात्रा मिळाली आणि माझ्या यजमानांना, मधुमेहामुळे प्राधान्यगटात असल्याने, टेमाच्या केंद्रावर. दोन्ही कुप्यांवर एकच नाव होते, कोव्हिशील्ड.

त्यानंतर पुरवठा थांबला. मार्च संपता संपता भारतात लाट उसळली आणि लसीची निर्यात बंद झाली. इथल्या वर्तमानपत्रांत भारताला दोष देणारे लेख येऊ लागले. पहिली मात्रा घेऊन दुसरीची वाट पाहणारे लाखो लोक होते, त्यांत आमच्या घरातलाही एक. त्याच एप्रिलमध्ये पुण्यात केंद्रांवर ‘लस संपली’ असे फलक लागत होते आणि दादा आईच्या दुसऱ्या मात्रेसाठी सकाळी उठून केंद्रे हिंडत होता. वखारीत मला कोणी विचारले की तुमचा देश असे का वागतो, तर मी काय सांगणार? आईची बाजू घेतली की यजमानांची राहते. गरीब देशांची लस जवळपास एकाच कारखान्यावर अवलंबून ठेवणाऱ्यांनी ही योजना आखताना त्या कारखान्याच्या गावात साथ येऊ शकते हे गृहीतच धरले नव्हते, एवढेच माझे मत तेव्हा बनले आणि ते अजून बदललेले नाही.

मग मे महिन्यात ३ लाख ५० हजार मात्रा आल्या, त्या काँगो लोकशाही गणराज्यातून. युरोपात रक्ताच्या गुठळ्यांची चर्चा सुरू झाल्यावर काँगोने लसीकरण लांबवले होते, मुदत संपत आली होती, म्हणून न वापरलेल्या मात्रा इतर देशांकडे वळवण्यात आल्या. म्हणजे पुण्याहून निघालेली कुपी किन्शासाला जाऊन, तिथल्या शीतपेटीत दोन महिने बसून, मग अक्राला आली आणि यजमानांची दुसरी मात्रा झाली. इकडे आरोग्यमंत्र्यांनी घाईत रशियाच्या स्पुतनिक लसीचा सौदा दुबईतल्या एका शेखच्या कार्यालयामार्फत केला होता. १० डॉलरची मात्रा १९ डॉलरला. नॉर्वेतल्या एका वृत्तपत्राने ते उघडकीला आणले, संसदेने चौकशी केली, सौदा मोडला. टंचाईत दलाल कसा जन्माला येतो ते बंदरावर काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ज्या गोष्टीविषयी बाहेर कोणी फारसे बोलले नाही ती म्हणजे जमिनीवरच्या सीमा. विमानतळ १ सप्टेंबर २०२० ला उघडला; तिथे उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला तपासणीचे १५० डॉलर मोजावे लागत, पण येता येत होते. टोगो, कोत दिव्वार आणि बुर्किना फासोकडचे रस्ते मात्र प्रवाशांसाठी २८ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिले. आफ्लाओ हे घानाचे गाव आणि लोमे ही टोगोची राजधानी. दोन्हींच्या मधे एक फाटक आहे आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकाच एवे भाषेत भाव होतात, एकाच घरातले लोक राहतात. टोमॅटो, कापड, मका घेऊन रोज ये-जा करणाऱ्या बायकांचे भांडवल म्हणजे त्या दिवसाचा माल. विमानाने येणाऱ्याला तपासून सोडता येते, तर पायी येणाऱ्या बाईला का नाही, याचे समाधानकारक कारण मला एकाही भाषणात सापडले नाही. सीमा अर्थातच पूर्ण बंद नव्हती; आडवाटा होत्या आणि आडवाटेवर शिपाई होते, तेव्हा मालावर चढणारा खर्च कोणाच्या खिशात गेला हेही उघड होते. आमच्या पेढीचा लोमेकडचा व्यवहार जहाजाने वळवता आला. टोमॅटोच्या टोपलीसाठी जहाज नसते.

आता त्या वाक्याच्या पूर्वार्धाची मुदत. एप्रिल २०२० मध्येच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घानाला १ अब्ज डॉलरचे तातडीचे कर्ज दिले. मे २०२१ पासून वस्तू आणि सेवांवर १ टक्का ‘कोव्हिड आरोग्य पुनरुज्जीवन’ कर लागला आणि आमच्या प्रत्येक पावतीवर एक ओळ वाढली. २०२२ मध्ये देशाचे चलन सेडी कोसळले. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सहा सेडी पडत, वर्षअखेर जवळ आली तेव्हा चौदा-पंधरापर्यंत गेले होते, आणि मी सकाळी काढलेले दरपत्रक दुपारी फाडून टाकत असे. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४.१ टक्क्यांवर पोचली आणि त्याच महिन्यात घानाने आपल्या परदेशी कर्जाचा बराचसा भाग फेडणे थांबवले. सरकार म्हणाले, साथ आणि युक्रेनचे युद्ध. विरोधक म्हणाले, निवडणुकीच्या वर्षाची उधळपट्टी. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कर्जाचा डोंगर साथीच्या आधीच चढत होता, साथीने त्याला कारणही दिले आणि आडोसाही. जानेवारी २०२३ मध्ये महालेखापालांचा साथखर्चाचा अहवाल बाहेर आला. त्यानुसार साथीच्या नावाने सुमारे २१.८ अब्ज सेडी उभे करण्यात आले होते आणि त्यांतले ११.७५ अब्ज साथीवर खर्च झाले. उरलेले सरकारच्या सर्वसाधारण खर्चात गेले. टाळेबंदीत कामावर आल्याबद्दल माहिती मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना मंजुरीशिवाय दिलेल्या १,५१,५०० सेडींची नोंदही त्यात आहे. रक्कम किरकोळ, पण वाचणाऱ्यांच्या लक्षात तीच राहिली.

साथीसाठी लोकांकडून देणग्या गोळा करणाऱ्या राष्ट्रीय निधीच्या अध्यक्षपदी २०२० मध्ये माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो यांना नेमले होते. डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना जाहीर झाली, म्हणजे सरकारी रोख्यांत पुंजी ठेवलेल्यांना सांगण्यात आले की व्याज कमी मिळेल आणि मुद्दल उशिरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्तिवेतनावर जगणारे म्हातारे अर्थमंत्रालयाच्या दारात फलक घेऊन बसू लागले आणि त्यांच्यात जाऊन बसलेल्या सोफिया अकुफो यांनी पत्रकारांपुढे सरकारला खडे बोल सुनावले. त्यानंतर निवृत्तांना त्या योजनेतून वगळण्यात आले. बँकांना आणि विमा कंपन्यांना मात्र ती स्वीकारावी लागली. मे २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला, त्याच्या अटी आल्या, विजेचे दर वाढले. मुखपट्टीची सक्ती उठून तोवर वर्ष होऊन गेले होते, आणि १ टक्क्याची ती ओळ मी पावत्यांवर तशीच टंकीत होते.